स्मिता पाटील : बातम्या वाचणारी मुलगी

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १९५९ सालीच सुरू झाले होते. दुसऱ्या केंद्रासाठी देशाला तेरा वर्षे थांबावे लागले. चित्र कृष्णधवल, संच बाळगायला सरकारी परवाना हवा, आणि अख्ख्या चाळीत संच एखाद्याच घरी. संध्याकाळ झाली की शेजारपाजार त्या घरी जमे.

या पडद्यावर काही काळाने मराठी बातम्या वाचताना एक सावळी, मोठ्या डोळ्यांची तरुणी दिसू लागली. तिने विशीही ओलांडलेली नव्हती. नाव स्मिता शिवाजीराव पाटील.

स्मिताची कथा सहसा ‘दिग्दर्शकाची नजर पडली आणि तारका जन्मली’ अशी सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. नजर पडण्याआधी ती ज्या दारांतून आत आली, ती दारे कोणी बांधली होती, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा.

तिचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. घराणे खानदेशातले, शिरपूरकडचे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक. समाजवादी विचारांत घडलेले, पुढे काँग्रेसमध्ये जाऊन राज्याचे मंत्री झालेले. आई विद्याताई सामाजिक कार्यकर्त्या. अशा घरातील मुले राष्ट्र सेवा दलाकडे वळणे स्वाभाविकच होते, आणि स्मिताही वळली.

सेवा दलाचे महत्त्व येथे नीट लक्षात घ्यायला हवे. १९४१ साली उभ्या राहिलेल्या या संघटनेचे कलापथक गाणी, पोवाडे आणि लोकनाट्ये घेऊन गावोगाव फिरे. निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर ही सारी मंडळी त्याच मुशीतली. मराठी चित्रपटाला इतके नट देणारी दुसरी ‘अभिनयशाळा’ शोधून सापडणार नाही, आणि तिथे अभिनय हा विषय म्हणून शिकवला जात नव्हता ही त्यातली गंमत.

पुढचे दार दूरदर्शनचे. छायाचित्रकार दीपक किरपेकर यांनी काढलेली तिची छायाचित्रे केंद्राच्या अधिकाऱ्यांच्या पाहण्यात आली आणि तिला बोलावणे आले. केंद्राला हवे होते स्वच्छ मराठी, शांत चेहरा आणि न अडखळणारा आवाज. त्या काळच्या हिंदी चित्रपटसृष्टीत गोरा रंग ही नायिकेची जणू पूर्वअट होती. बातम्यांच्या टेबलामागे ती अट लागू नव्हती. कृष्णधवल पडद्यावर तर ती अर्थहीनच ठरे. घाईघाईत जीन्सवरच साडी गुंडाळून ती बातम्या वाचायला बसे, असा किस्सा आजही सांगितला जातो. गंमत म्हणून तो ठीक. पण रोज कॅमेऱ्याकडे थेट पाहत, हातवारे न करता, केवळ डोळे आणि आवाज यांच्या बळावर प्रेक्षकाला धरून ठेवण्याचा सराव तिला या खुर्चीत मिळाला, हे त्याहून महत्त्वाचे. त्याच केंद्रावर काम केलेल्या भक्ती बर्वे १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’मुळे रंगभूमीवर गाजल्या, हा योगायोगही ध्यानात ठेवण्याजोगा.

तिसरे दार पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या १९७४ च्या पदविका चित्रपटात ती पहिल्यांदा चित्रपटाच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांनी तिचे नाव श्याम बेनेगल यांच्या कानावर घातले. बेनेगल यांनी तिला प्रथम घेतले ते ‘चरणदास चोर’मध्ये (१९७५). हबीब तन्वीर यांच्या छत्तीसगढी मंडळींना घेऊन केलेला हा बालपट; निर्मिती सरकारी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीची.

त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. ‘निशांत’ त्याच वर्षी. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’तील छोटी भूमिकाही त्याच वर्षीची. १९७६ चा ‘मंथन’ तर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला. राजकोटजवळच्या खेड्यात चित्रीकरण चालू असताना ती गावातल्या बायकांत मिसळून बसे, आणि पाहायला आलेल्या तरुणांना नायिका कोणती ते ओळखता आले नाही, असे सांगतात. १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये ती ठाकर समाजातील चिंधी झाली.

सेवा दल, दूरदर्शन, फिल्म इन्स्टिट्यूट, बालचित्र संस्था, दूधसंघ. यांतले एकही दार मुंबईच्या चित्रपट व्यवसायाचे नाही. अर्थात सारे श्रेय सार्वजनिक संस्थांना देणे भाबडेपणाचे होईल. ‘निशांत’ आणि ‘भूमिका’ यांमागे ब्लेझ या जाहिरातपटांच्या व्यवसायातील खासगी कंपनीचा पैसा होता, आणि संधी मिळालेल्या प्रत्येकीची काही स्मिता पाटील होत नाही.

ते सिद्ध झाले ‘भूमिका’त (१९७७). हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला हा चित्रपट. नायिका उषा किशोरवयापासून प्रौढपणापर्यंत पडद्यावर दिसते. पडदाही कृष्णधवल आणि रंगीत यांत बदलत राहतो. जुन्या बोलपटांच्या स्टुडिओतील नटी, घर चालवणारी कमावती बायको, पुन्हा पुन्हा घराबाहेर पडणारी स्त्री हे सारे एकाच देहात उभे करायचे होते, आणि करणारी मुलगी जेमतेम बावीस वर्षांची. या कामासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हंसाबाईंना ते पाहता आले नाही. १९७१ सालीच, मुंबई दूरदर्शन सुरू होण्याच्या वर्षभर आधी, त्यांचे निधन झाले होते.