बांबूचा भाव आणि बुरुडाचे पोट : गुंजी परिसराच्या वन-अर्थव्यवस्थेची एक बाजू

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर आणि लोंढा यांच्या दरम्यान, लोहमार्गावर गुंजी हे गाव वसलेले आहे. भातशेती आणि जंगल हे या मुलखाच्या उपजीविकेचे दोन आधार होत. भात साठविण्याची कणगी, सूप, टोपली ही सारी बांबूची; म्हणूनच येथील शेतकरी आणि बुरूड, ज्यांना कानडीत मेदार म्हणतात, यांचे परस्परांवाचून चालत नसे.

1878 च्या वनकायद्याने राखीव जंगले निर्माण करण्याचा मार्ग सरकारला मोकळा झाला. पुढच्या दशकात लोंढ्यापर्यंत रेल्वे आली आणि घाटातील लाकडाला दूरची बाजारपेठ मिळाली. 1927 च्या कायद्याने तर वनस्पतिशास्त्रानुसार गवत असलेल्या बांबूची गणना झाडांत केली. परिणामी जंगलातील बांबू तोडण्यास सरकारी परवानगी आवश्यक ठरली.

स्वातंत्र्यानंतर धोरणाची दिशा बदलली नाही. लाभार्थी मात्र बदलले. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेली येथे कागद गिरणी उभी राहिली. 1958 मध्ये तिला टनामागे अवघ्या दीड रुपयाने बांबू देण्यात आला. बुरुडाला बाजारात त्याच बांबूसाठी याच्या कित्येक पट किंमत मोजावी लागत होती. पुढे बांबू घटू लागला, तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकला गेला. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात केलेल्या अभ्यासातून निराळेच कारण पुढे आले. तोडणी सोपी व्हावी म्हणून बेटांच्या बुंध्याभोवतीचे काटेरी कवच साफ केले जाई. त्यामुळे कोवळे कोंब उघडे पडून जनावरांच्या तोंडी जात. अर्थात, गुरांनी कोंब खाल्ले हे खरे असले, तरी ते उघडे पडले तोडणीच्या पद्धतीमुळे.

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. या तरतुदीच्या आधारे गडचिरोलीतील मेंढा-लेखा ग्रामसभेला 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षी खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य घोषित झाले. वनसंरक्षण आवश्यकच आहे. परंतु दीड रुपयाचा इतिहास ध्यानी घेता, टंचाईचा दोष ठरविण्याआधी बांबू कोणाला, किती आणि कोणत्या भावाने दिला गेला, हा हिशेब तपासला पाहिजे.