प्रवासांतील पाळणा

रात्रीच्या आगगाडींत एक दृश्य आजही पाहावयास मिळतें. समोरासमोरच्या दोन वरच्या बाकांच्या साखळ्यांना जुन्या लुगड्याचीं टोकें बांधलेलीं असतात, मध्यें झोळी लोंबत असते, आणि गाडीच्या हेलकाव्यांबरोबर झुलत एखादें तान्हें मूल तिच्यांत गाढ निजलेलें असतें. खालीं बसलेली आई पेंगते. पण तिचा एक हात झोळीवर असतो. गांठ सुटली, लुगडें उसवलें किंवा गाडीनें अकस्मात् हिसका दिला, तर मुलाला सांवरणारा तोच एक आधार असतो.

घराबाहेर पडलेल्या मुलाला रात्रीं कोठें निजवावें, हा प्रश्न माणसाच्या प्रवासाइतकाच जुना आहे. मोठा माणूस वळकटी पसरून, प्रसंगीं दगडाची उशी करून रात्र काढतो. मुलाचें तसें नाहीं. त्याला ऊब हवी, त्यानें गडगडून पडतां कामा नये, त्याला किडामुंगी लागूं नये. आणि हें सारें साधणारी वस्तु पाठीवर, घोड्यावर, होडींत किंवा गाडींत मावेल एवढीच असली पाहिजे. ती हलकी हवी आणि भक्कमही हवी. या दोन मागण्यांचें एकमेकींशीं फारसें पटत नाहीं, आणि प्रवासी पाळण्याचा सारा इतिहास या भांडणांतूनच घडलेला आहे.

पहिली युक्ति म्हणजे घरांत आहे तीच वस्तु पाळणा म्हणून वापरणें. बायबलांतल्या मोशाला नाइल नदीच्या लव्हाळ्यांत सोडतांना त्याच्या आईनें टोपली डांबरानें लिंपून घेतली होती. युरोपांत हातांत धरून नेण्याजोग्या बाळाच्या टोपलीला अजूनही मोशाचेंच नांव आहे. प्राचीन ग्रीक लोक धान्य पाखडण्याच्या सुपांत तान्ह्या मुलाला निजवीत. नवजात बाळाला सुपांत ठेवण्याची रीत ज्या मराठी घरांनीं पाहिली आहे, त्यांना या ग्रीक सुपाचें नवल वाटणार नाहीं.

परंतु ज्यांचें घरच फिरतें, त्यांना उसनी वस्तु पुरत नाहीं. उत्तर नॉर्वे, स्वीडन व फिनलंड येथील सामी लोक रेनडिअरच्या कळपांबरोबर ऋतुमानाप्रमाणें स्थलांतर करीत. त्यांचा पाळणा लांकडाच्या ओंडक्यांतून लहानशा होडीसारखा कोरलेला, चामड्यानें मढवलेला आणि डोक्याशीं छपरी असलेला असे. कळप चालूं लागला कीं तो रेनडिअरच्या कुशीला बांधायचा. मुक्काम पडला कीं तंबूंत किंवा झाडाला टांगायचा. मुलाला आपण गांव बदलला हें कळतही नसेल. उत्तर अमेरिकेंतील अनेक आदिवासी जमातींनीं याच कामासाठीं फळी वापरली. मूल फळीवर चामड्याच्या बंदांनीं बांधलेलें, आणि डोक्यापुढें एक लांकडी कमान. फळी उपडी पडली तरी कमान आधीं जमिनीला लागावी व मुलाचें तोंड वांचावें, हा त्या कमानीचा हेतु. अशा बांधण्यालाही किंमत मोजावी लागते. पाय सरळ ताणून घट्ट आंवळले तर खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका वाढतो, असें पुढें वैद्यांच्या ध्यानांत आलें. जपानांत १९७५ पासून पाय मोकळे ठेवण्याविषयीं मोठा प्रचार झाला आणि तेथें हा विकार पुष्कळच कमी झाला.

अमेरिकेच्या इतिहासांत अशा एका मुलाच्या प्रवासाची हकीकत लेखी राहिली आहे, ती थोड्या विस्तारानें सांगण्याजोगी आहे. १८०५ सालीं लुइस व क्लार्क या दोन अधिकाऱ्यांची तुकडी मिसूरी नदीच्या उगमाकडे व तेथून पॅसिफिक महासागराकडे निघाली. तिच्यांत सॅकागावीआ नांवाची शोशोनी जमातीची एक अगदीं तरुण स्त्री होती. तिचा नवरा दुभाषी होता आणि तिचें मूल, झां बाप्तीस्त, ११ फेब्रुवारी १८०५ रोजीं जन्मलेलें. ७ एप्रिलला तुकडीनें मुक्काम हलवला, तेव्हां तें पुरतें दोन महिन्यांचेंही नव्हतें.

२९ जून रोजीं मिसूरीच्या मोठ्या धबधब्यांपाशीं पाऊस व गारा सुरू झाल्या. क्लार्क, सॅकागावीआ व तिचा नवरा यांनीं एका कोरड्या घळींत खडकाच्या कपारीखालीं आसरा घेतला. मुलाला नेण्याचें साधन व त्याचे सगळे कपडे आईच्या पायांशीं ठेवलेले होते. वरच्या बाजूनें पाण्याचा लोंढा दगडगोटे लोटीत आला. लुइसच्या रोजनिशींत नोंद आहे कीं, तिला मूल उचलण्यापुरताच वेळ मिळाला. बाकी सर्व वाहून गेलें. क्लार्क तिला मागून वर ढकलीत होता आणि नवरा हात धरून वर ओढीत होता. वाहून गेलेलें तें साधन फळीचें होतें, टोपलीचें होतें कीं मच्छरदाणीचें कापड होतें, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. मूल मात्र वांचलें. त्यानंतर डोंगर ओलांडून महासागरापर्यंत आणि तेथून परत असा त्याचा प्रवास झाला. १८०६ च्या ऑगस्टमध्यें, परतीच्या वाटेवर, तें दीड वर्षांचें असतांना डांसांनीं त्याला इतकें फोडून काढलें कीं त्याचा चेहरा सुजून गेला, अशीही नोंद क्लार्कनें करून ठेवली आहे. हजारों मैलांच्या त्या मोहिमेच्या कागदपत्रांत होकायंत्रें, नकाशे व नद्यांचीं मोजमापें यांच्या शेजारीं एका मुलाचें सुजलेलें तोंड येतें. तुकडीच्या नायकाला तें लिहावेंसें वाटलें, हें त्याला भूषणावह आहे.

आपल्याकडे सुखवस्तु घरांतील बायकामुलें पालखी-मेण्यांतून जात आणि तेंच त्यांचें अंथरूणही होई. इतरांना बैलगाडींत गवत पसरून वर गोधडी टाकली कीं झालें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि पुढच्या दोन पिढ्यांत हवापालटासाठीं सहकुटुंब बाहेर पडण्याची चाल शहरी घरांत रुजली. माथेरानची छोटी गाडी १९०७ सालीं सुरू झाली. होल्डॉल, पितळी डबे, स्टोव्ह आणि मच्छरदाणी यांच्या जोडीला लहान मुलाचें सामान आलें. आणि मूल जितकें लहान तितकें त्याचें सामान मोठें, हा प्रपंचाचा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे.

त्यांतही दीड-दोन वर्षांचें मूल हा सर्वांत अवघड प्रवासी. तान्हें मूल झोळींत राहतें, चार वर्षांचें सांगितलेलें ऐकतें. हें मधलें मूल उभें राहतें, कठड्यावर पाय देतें, परक्या खोलींत मध्यरात्रीं जागें होऊन अंधारांत आईला शोधूं लागतें. त्याला झोळी धोक्याची आणि पलंग उंच. पूर्वीं त्याला मोठ्या माणसांच्या रांगेंत, भिंतीकडेला, जमिनीवर निजवीत, आणि एकत्र कुटुंबांत तेवढें पुरत असे. मूल वेगळें व एकटें निजवावयाचें ठरलें, तेव्हां त्याच्याभोंवतीं चार भिंती उभ्या कराव्या लागल्या. आणि त्या भिंती मोटारीच्या मागच्या पेटींत मावाव्या म्हणून त्यांना बिजागरी लावावी लागली.

जाळीच्या भिंतींचा व घडी होणारा असा एक पाळणा ग्रॅको या अमेरिकन कंपनीनें १९८७ सालीं बाजारांत आणला आणि तो प्रकार जगभर पसरला. सुटीला निघणाऱ्या कुटुंबांची त्यानें मोठी सोय केली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण याच पिढींतल्या कांहीं पाळण्यांत एक विपरीत दोष होता. वरच्या कठड्याची बिजागरी पक्की बसली नाहीं तर कठडा मधोमध दुमडे व इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खांच तयार होई. उभें राहिलेल्या मुलाची मान नेमकी त्या खांचेंत सांपडे. अशा एका पाळण्यामुळें मुलें दगावल्यावर १९९३ सालीं तो परत मागवण्यांत आला. तरीही घरोघरीं गेलेले पाळणे घरोघरींच राहिले. १९९८ च्या मे महिन्यांत शिकागो येथें, मूल सांभाळणाऱ्या एका बाईच्या घरीं, दीड वर्षांच्या आंतलें एक मूल त्याच पाळण्यांत मरण पावलें. पाळणा मागें घेतला गेल्याला पांच वर्षें झालीं होतीं. ती सूचना त्या घरापर्यंत पोंचलीच नव्हती.

त्या मुलाच्या आईबापांनीं दुःख गिळून दहा वर्षें खटपट केली. २००८ सालीं अमेरिकेंत झालेल्या कायद्याच्या एका भागाला त्या मुलाचें नांव आहे. मुलांच्या अशा वस्तु विक्रीपूर्वीं सक्तीच्या कसोटीला उतरल्या पाहिजेत आणि प्रत्येकीबरोबर नोंदणीचें कार्ड असलें पाहिजे, म्हणजे दोष आढळल्यास विकत घेणाऱ्याला थेट कळवितां येईल, असें त्यानें ठरविलें. घडीच्या पाळण्यांसाठीं सक्तीचे नियम फेब्रुवारी २०१३ पासून अंमलांत आले. एवढ्यानें सर्व धोके संपले नाहींत. तळ कठीण लागतो म्हणून प्रेमळ आजी त्यांत जास्तीची मऊ गादी घालते. गादी व जाळी यांच्यामध्यें फट राहते आणि मुलाचें तोंड तींत रुतूं शकतें. मुलाला कष्ट होऊं नयेत या भावनेंतूनच हा धोका घरांत येतो. तळ कठीण असतो तो मुद्दामच.

या पाळण्याची जुन्या साधनांशीं तुलना केली तर एक फरक ठळकपणें दिसतो. लुगड्याला बिजागरी नव्हती, ओंडक्याच्या पाळण्याला सांधा नव्हता, आणि फळीपासून आई फारशी दूर नसे. झोळीही निर्दोष नव्हेच. तिच्यांत अंग वांकून लहानग्याची हनुवटी छातीला टेकते, आणि मुलाला सपाट जागीं उताणें निजवावें हा वैद्यांचा सल्ला तिला लागू करणें कठीणच. परंतु तिच्यावर हात असे. घडीच्या पाळण्यानें तो हात मोकळा केला, आणि त्या हाताचें काम एका लोखंडी खिटीवर सोंपवलें.

मे २०२२ मध्यें लखनौ मेलच्या वातानुकूलित तिसऱ्या श्रेणीच्या एका डब्यांत, १२ व ६० क्रमांकांच्या खालच्या बाकांना लहान मुलांसाठीं घडीचे जोडबाक लावून पाहण्यांत आले. बिजागरीवर उघडणारा, खिटीनें घट्ट बसणारा व नको असेल तेव्हां आईच्या बाकाखालीं दुमडून जाणारा असा तो अरुंद बाक होता. वरच्या बाकावरून एखादी पिशवी मुलाच्या अंगावर पडेल, अशी शंका लोकांनीं लगेच काढली. त्यानंतर वरून आच्छादन असलेला सुधारलेला नमुना तयार करण्यांत आला.