सोरा, मीठ आणि उकळते पाणी

तापमान वाढले की बहुतेक स्थायू पदार्थांची पाण्यातील विद्राव्यता वाढते, हे तुम्ही आलेखावरून शिकला असाल. हा नियम आलेखात येण्यापूर्वी कारागिरांच्या हातात होता. त्याचे एक उदाहरण बिहारमधील आहे.

बंदुकीच्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचा असतो. सतराव्या-अठराव्या शतकांत डच व इंग्रज कंपन्या पाटण्याच्या परिसरातून सोरा जहाजे भरून युरोपात नेत. तो तयार करीत नोनिया समाजाचे लोक. जुन्या भिंती व गोठे यांच्या आसपासची खारी माती ते खरवडत, गाळणीत भरून तिच्यावर पाणी सोडत आणि खाली झिरपलेले पाणी आटवत.

खरी अडचण पुढे येई. त्या पाण्यात सोऱ्याबरोबर साधे मीठही उतरलेले असे. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. मग ते वेगळे कसे करायचे?

आता हे आकडे पाहा. १०० ग्रॅम पाण्यात १०० अंश सेल्सिअसला सुमारे २४६ ग्रॅम सोरा विरघळतो, २० अंशांना मात्र फक्त ३२ ग्रॅम. मिठाचे आकडे अनुक्रमे ३९ आणि ३६. म्हणून द्रावण उकळून आटवताना मीठ आधी तळाशी बसते. वरचे गरम द्रावण ओतून घेऊन थंड केले, की सोऱ्याचे लांब स्फटिक तयार होतात आणि उरलेले बरेचसे मीठ पाण्यातच राहते.

याच गुणधर्माची दुसरी बाजू अकबराच्या दरबारात वापरली जाई. सोरा विरघळताना उष्णता शोषतो व पाणी गार होते. सोऱ्याने पिण्याचे पाणी थंड करण्याची रीत अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवली आहे. विरघळताना जो पदार्थ उष्णता शोषतो, त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर वाढते, हा संबंध १८८४ मध्ये मांडलेल्या ल शातेलिए यांच्या तत्त्वाने स्पष्ट झाला.

१७५८ मध्ये क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारी कंपनीसाठी मिळवली. गिऱ्हाईक एकच उरले, की भावही तेच ठरवते. माल त्याच कारागिरांचा होता. पण तो कोणाला विकायचा, हे ठरवणे त्यांच्या हाती उरले नाही.

विद्राव्यतेचे आलेख गे-ल्युसाक यांनी १८१९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव येते ते योग्यच आहे. पण यापुढे सोऱ्याची ती चढती रेषा काढाल, तेव्हा भट्टीजवळ बसून मीठ कधी खाली बसते हे नजरेने ओळखणारा नोनियाही आठवा.

विचार करा: साखर व मीठ यांचे मिश्रण याच पद्धतीने वेगळे करायचे ठरवले, तर आधी कोणते आकडे शोधाल?