रांजणातल्या अळ्या

शिरूरला घोडनदीकाठी आणि पुढं दौंडला भीमेकाठी मी शाळेत विज्ञान शिकवलं. पावसाळ्यात मुलांना रांजणातलं पाणी बरणीत आणायला सांगायचो. बरणीवर हाताची सावली पडली, की डासांच्या अळ्या वळवळत तळाशी जात आणि श्वासासाठी पुन्हा वर येत. तेव्हा नीट पाहायचं: क्युलेक्सची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते, अ‍ॅनोफिलीसची पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते. हिवताप पसरवणारा डास तो हाच. पुस्तकातली कोणतीही आकृती एवढं शिकवत नाही.

रोनाल्ड रॉसनं १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधला. पण त्याआधी, १८८३ मध्ये, बंगळूरला खिडकीजवळचं पाण्याचं पिंप रिकामं करवून त्यानं घरातले डास कमी केले होते. मला हा पहिला प्रयोगच मोठा वाटतो, कारण तो कुणालाही करता येतो.

१९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. डीडीटी फवारणारे भिंतीवर तारीख लिहून जात. नंतर अळ्या खाणारे गप्पी मासे आले, आठवड्याचा कोरडा दिवस आला. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला भांडी कोरडी करायची. बरणीत हे पाहिल्यावर मुलंच घरी आजीच्या मागं लागत, रांजण घासून काढ म्हणून.