बाशिंग, साहेबाची टोपी आणि कळंबोलीचा मांडव

लग्नाची सजावट ‘क्लासिक’ हवी, असं हल्ली कुणी डेकोरेटरला सांगितलं की त्याला पुढचं कळतं. झेंडूच्या माळा नकोत, चमचमतं जिलेटिन नको, लाल-पिवळा मांडव नको. पांढरं, हस्तिदंती, फार तर फिकट पिस्ता चालेल. कळंबोलीत लोखंड-पोलाद बाजाराच्या अंगाला एका डेकोरेटरच्या गोदामात असाच एक ‘क्लासिक’ मांडव खोक्यांत भरून पडलेला मी पाहिला. खोक्यांत पांढरे गुलाब होते, शेवंतीसारखी भरगच्च फुलं होती, कळ्या होत्या. “आर्टिफिशियल नाही हां, सोला वुड आहे,” तो जरा मानाने म्हणाला. एक गुलाब उचलला तर हाताला वजनच लागेना. पाकळी कागदाहून जाड, पुठ्ठ्याहून मऊ. नख दाबलं की रुतत होतं. हे लाकूड मी ओळखत होतो. जुन्या बाशिंगांवर बेगडाखाली हेच असायचं. आपण त्याला भेंड म्हणतो.

म्हणजे नवरदेवाच्या कपाळावरून गावठी म्हणून उतरवलेली वस्तू ‘सोला वुड’ हे नाव घेऊन त्याच मांडवाच्या छतावर चढली होती. हा प्रवास कसा झाला, हे शोधत गेलो आणि मध्येच गोऱ्या साहेबाची टोपी आडवी आली.

भेंड हे पाणथळीतलं झुडूप, शिंबाकुळातलं. शास्त्रीय नाव एस्किनोमेनी आस्पेरा. बंगाल-आसामच्या दलदलीत ते भरपूर वाढतं. त्याची धाकटी बहीण, एस्किनोमेनी इंडिका, आपल्या कोकणातल्या भातखाचरांतही सापडते. वरची तपकिरी साल काढली की आत दुधासारखी पांढरी कांडी निघते. तिला सगळे गाभा म्हणतात, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते लाकूडच आहे. पाण्यात उभं राहायचं म्हणून झाडाने त्यात जवळजवळ नुसती हवा भरलेली. कारागीर लांब पात्याची धारदार सुरी कांडीला लावतो आणि कांडी फिरवत नेतो. मग कांडीभोवतीचा थर गुंडाळी सुटावी तसा अखंड पट्टीच्या रूपात उलगडत जातो. या पट्टीच्या पाकळ्या कापायच्या, दोऱ्याने बांधायच्या, की फूल तयार. खोक्यातल्या गुलाबाच्या तळाशीही तो दोरा दिसत होता. पाकळ्या मऊ राहाव्यात म्हणून आता ग्लिसरीनच्या पाण्यात बुडवतात, ही नवी भर.

बंगालात भेंडाला शोला म्हणतात आणि हे काम मालाकारांचं. तिथल्या नवरदेवाचा टोपर आणि नवरीचा मुकुट शोल्याचाच असतो, दुर्गेचा पांढरा साजही. साहेबाने हेच लाकूड उचललं. पट्ट्यांचे थर एकावर एक चिकटवून त्यावर कापड ताणलं की हलकी, ऊन अडवणारी टोपी तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिची चलती झाली. ‘सोला’चं ‘सोलर’ झालं, कारण इंग्रजाला वाटलं की टोपी सूर्यासाठी, तर नावही सूर्यावरूनच असणार. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने ही चूक तेव्हाच नोंदवून ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर टोपी गेली, पण व्यापारात ‘सोला’ हे नाव राहिलं. पुढे अमेरिकेत लग्नाचे गुच्छ या फुलांचे होऊ लागले आणि तिकडच्या फोटोंवरून ‘सोला वुड’ हा शब्द आपल्या डेकोरेटरांच्या तोंडी बसला. इथवर वादाला फारशी जागा नाही.

वाद आहे तो बाशिंगाचा. ते कुठून आलं?

पहिला तर्क असा की बंगालहून. झाड तिकडचं, कसबी हात तिकडचे, नवरदेवाच्या डोक्यावर शोला घालायची चाल तिकडची. मला हे पटत नाही. टोपर ही निमुळती टोपी, ती डोक्यावर बसते. बाशिंग डोक्यावर बसत नाही. ते कपाळावर उभं राहतं आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांनी मागे बांधलं जातं. ही रचनाच वेगळी. अशी रचना हवी असेल तर पूर्वेकडे नाही, दक्षिणेकडे पाहावं लागतं. तेलुगू लग्नात वधूवरांच्या कपाळाला बांधतात ते ‘बासिकम’. कन्नडात ‘बासिंग’. तमिळमध्ये डोक्यावरच्या फुलांच्या वेढ्याला ‘वासिकै’. विंध्याच्या वर गेलात की मौर, सेहरा, टोपर अशी नावं भेटतात. बाशिंगाचा एकही भाऊबंद नाही.

कुणी म्हणेल, ‘शिंग’ तर मराठीच आहे. शिंगासारखं उभं राहतं म्हणून बाशिंग. ऐकायला गोड आहे. पण कन्नडात ‘बासिग’ असंही रूप आहे, अनुस्वाराशिवाय. तिथे शिंग उरतच नाही, आणि मागे राहिलेल्या ‘बा’चं काय करायचं हेही कुणी सांगत नाही.

माझा खरा साक्षीदार मात्र भेंड हा शब्द आहे. बंगाली आणि हिंदी दोघी या झाडाला शोला म्हणतात. वस्तू बंगालहून आली असती तर नावही शोल्याचंच काहीतरी आलं असतं. आपण म्हणतो भेंड. कन्नडात ‘बेंडु’ म्हणजे हलकं, भुसभुशीत, बुचासारखं लाकूड. तेलुगूत तर या झाडालाच ‘नेट्टि बेंडु’ म्हणतात आणि त्यातला ‘नेट्टि’ खाली तमिळ देशात एकटाच नांदतो. तंजावरचं नेट्टिकाम प्रसिद्ध आहे, त्याला २०२० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अलंकाराचं नाव दक्षिणी, साहित्याचं नाव दक्षिणी, बांधायची रीत दक्षिणी. तीन धागे एकाच दिशेला जात असतील तर तो योगायोग नव्हे. बाशिंग आणि भेंड एकाच गाठोड्यातून कर्नाटकातून वर आले, असं मी ठामपणे म्हणतो.

विरोधकांकडे एक बाण आहे, तो लपवत नाही. ‘बेंडु’चा ‘भेंड’ होताना ब चा भ का झाला? त्यांच्या मते भेंड आला भेंडीवरून, आणि भेंडी संस्कृत ‘भिण्डा’वरून. पण भाजीच्या भेंडीचा या लाकडाशी काय संबंध? समुद्रकाठचा भेंडीचा वृक्ष म्हणाल, तर त्याचं लाकूड चिवट आणि टिकाऊ, गाडीच्या चाकाला वापरायचं. पिसासारख्या भेंडाशी त्याचं नातं कसं जोडणार? उलट शेजारी भेंडी हा ओळखीचा शब्द बसलेला असताना परक्या बेंडुला त्याचा भ चिकटला, हेच जास्त संभवतं. परके शब्द घरच्या शब्दांची नक्कल करतातच. ‘सोला’चं ‘सोलर’ तसंच झालं.

हे केव्हा घडलं? माझं उत्तर आहे, यादवकाळात. देवगिरीच्या यादवांचे कितीतरी शिलालेख कन्नडात आहेत. ज्या दरबाराला दोन्ही भाषा येत होत्या, त्याच्या लग्नात कानडी अलंकार परका वाटला नसणार. पुढे तो इतका मुरला की लग्नाची घाई झालेल्याने गुडघ्याला बाशिंग बांधलं आणि लग्न लांबणीवर पडणाऱ्याचं बाशिंगबळ जड झालं. विनोदातही तर्क आहे बघा: गुडघ्याला बांधून मिरवायचं तर वस्तू भेंडासारखी हलकीच हवी.

मग भेंडावर संकट आलं ते थर्मोकोलचं. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १९५०च्या सुमारास पॉलिस्टायरिनचा हा फेस बाजारात आणला. तोही पांढरा आणि हलका, शिवाय स्वस्त आणि हव्या त्या मापाचा. मखरं त्याची झाली, नावांची अक्षरं त्याची झाली, मांडवाचे खांब त्याचे झाले. बाशिंगं पुठ्ठा, मखमल आणि फोमवर गेली. २०१८च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्मोकोलवरही बंदी आणली. गणपतीच्या मखरांपुरती सवलत मागायला व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. पांढऱ्या आणि हलक्या वस्तूची जागा अशी रिकामी झाली.

कळंबोलीला ही जागा भरणं सोपं होतं. द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो. मावळातल्या पॉलिहाऊसमधला जरबेरा आणि गुलाब त्याच रस्त्याने घाट उतरतो. पण मे महिन्यात खाडीकाठच्या दमट उकाड्यात रात्री बांधलेला जरबेरा दुपारच्या मुहूर्ताला मान टाकतो. भेंडाचं फूल मान टाकत नाही, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा लावता येतं. डेकोरेटरचा हिशेब तिथेच जुळतो. आगऱ्यांच्या हळदीला मात्र अजून झेंडूच लागतो, तिथे ‘क्लासिक’चं काही चालत नाही.

मी त्या डेकोरेटरला बाशिंगाचं सांगितलं. त्याने गुलाब हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, हे पार्टीला सांगितलं तर रेट वाढेल का. मी म्हटलं, कानडी पार्टी असेल तर नक्की सांगा.