मूठभर धान्याचा निधी

शाळाशाळांतून चालणारी विद्यार्थ्यांची सेवामंडळे वर्षभर मदतनिधी गोळा करतात. कोणी डबे घेऊन दारोदार फिरतात, कोणी खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतात, कोणी खाऊचे पैसे साठवतात. वर्षअखेर रकमेचा आकडा वार्षिक अहवालात छापला जातो. परंतु निधी म्हणजे केवळ आकडा नव्हे. तो कोणी दिला, कसा दिला आणि घेणाऱ्याचा स्वाभिमान राखून तो वापरला गेला की नाही, यावर त्याचे खरे मोल ठरते. या दृष्टीने पश्चिम महाराष्ट्रातील ‘मुष्टिफंडा’चा इतिहास मननीय आहे.

या इतिहासाचे नायक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. त्या काळच्या रूढींचा पगडा स्वकीयांवरही किती होता, हे यावरून दिसते. मात्र ज्याला एका वसतिगृहाचे दार बंद झाले, त्यानेच पुढे सर्व जातींच्या मुलांसाठी असंख्य दारे उघडली.

पुढे किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीनिमित्त भाऊराव गावोगाव फिरले. शेतकऱ्याच्या घरातील दारिद्र्य आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. मुलगा हुशार असला तरी शहरात त्याच्या जेवणाखाण्याची सोय कोण करणार, हा खरा अडसर होता. शाळेची फी हा त्यापुढचा प्रश्न होता. त्यामुळे शिक्षणाचा प्रश्न प्रथम अन्नाचा प्रश्न होता, हे त्यांनी ओळखले.

सांगलीजवळील दुधगाव येथे १९१० च्या सुमारास सुरू झालेल्या विद्यार्थी आश्रमाच्या वेळी मुष्टिफंडाची कल्पना पुढे आली. रोजचा स्वयंपाक करण्यापूर्वी गृहिणीने एक मूठ धान्य वेगळ्या गाडग्यात टाकावे आणि ठराविक दिवसांनी ते विद्यार्थ्यांसाठी गोळा केले जावे, अशी ही साधी योजना होती. रोख पैसा खेड्यात दुर्मिळ होता, पण मूठभर ज्वारी-बाजरी गरिबाच्या घरीही निघत असे. शिवाय हे दान रोजचे होते. वर्षातून एकदा मोठी देणगी देणारा कदाचित ती विसरून जाईल, पण रोज मूठ काढणाऱ्या माउलीला परक्याच्या मुलाची आठवण रोज होत असे. घरातील व्यवहारात जिला क्वचितच विचारले जाई, ती स्त्री येथे देणगीदार ठरली, हे या योजनेचे मोठे वैशिष्ट्य होय.

१९१९ साली ४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले व तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. मुले एका पंक्तीस बसून जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली व ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे त्याचे नामकरण केले.

तथापि धान्याचा ओघ नेहमीच पुरेसा नसे. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपल्या अंगावरील दागिने एकामागून एक दिले. अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी खर्ची पडले. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या साध्वीने सर्व जातींच्या लेकरांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. १९३० मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. ‘रयत माउली’ हे बिरुद त्यांच्या नावापुढे लागले, ते सर्वार्थाने सार्थ आहे.

समाजाने दिलेले अन्न विद्यार्थ्यांनी केवळ भिक्षा म्हणून खावे, हे भाऊरावांना मान्य नव्हते. वसतिगृहातील मुले स्वतःची कामे करीत, शेतात राबत. यातूनच ‘कमवा व शिका’ हे तत्त्व रुजले आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य झाले. १९४० मध्ये साताऱ्यास सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर उभे राहिले. समाजाची मूठ आणि विद्यार्थ्याचा घाम, या दोहोंच्या मेळातून ही विद्यालये उभारली गेली.

निधी स्वीकारतानाही भाऊराव तत्त्वाशी तडजोड करीत नसत. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कॉलेजचे नाव बदलल्यास मोठी देणगी देण्याची तयारी एकाने दर्शविली असता त्यांनी ती साफ नाकारली, असे सांगतात. पुढे शासनाशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले, तेव्हाही सामान्य जनतेच्या आधारावर संस्था तगली. एकाच मोठ्या देणगीवर उभे असलेले काम ती देणगी थांबताच कोसळते. हजारो घरांच्या मुठींवर उभे असलेले काम असे सहजासहजी मोडत नाही.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताबाने गौरविले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी लावलेले रोप आज महाराष्ट्रातील अग्रगण्य शिक्षणसंस्थांपैकी एक झाले असून वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह आहे.

निधी गोळा करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांना या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. देणगी लहान असो, पण ती स्वतःच्या ताटातून काढलेली असावी, एक दिवसाच्या उत्साहाची नसून नित्याची असावी आणि घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने ती पोहोचवली जावी. दानाची ही रीत पश्चिम महाराष्ट्रातील अनाम गृहिणींनी चुलीपाशी, एका गाडग्याच्या साहाय्याने घालून दिली. त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर कोरलेली नाहीत, पण त्यांच्या मुठीतील धान्यावर शिकलेल्या पिढ्यांनी महाराष्ट्र घडविण्यास हातभार लावला आहे.