अटकेतील माणसाचे हक्क

अटक केलेल्या माणसाला 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा नियम भारतात 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून न मानण्याचे कलमही 1872 च्या पुरावा कायद्यातले. पण कायदेमंडळाला हे नियम केव्हाही बदलता आले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर 1949 मध्ये संविधान सभेत नवे कलम मांडले, तेच आजचे कलम 22. अटकेचे कारण कळणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि 24 तासांची मर्यादा हे त्यामुळे मूलभूत हक्क झाले. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला मात्र त्याच कलमाने सूट दिली, आणि ही उणीव लहान नाही.

कोठडीच्या दाराआड हे हक्क पोहोचवायला आणखी तीन दशके लागली. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांशी बोलून, पोलीस कोठडीत त्यांना झालेल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका मानले. 1983 च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला पोलीस, नातेवाइकांना तत्काळ खबर आणि दंडाधिकाऱ्याने आरोपीला छळाविषयी स्वतःहून विचारणे बंधनकारक केले. डी. के. बसू खटल्यात 1996 साली अटकेचा साक्षीदारासह पंचनामा आणि दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी यांची भर पडली. यातील बरेच नियम पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आले. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.